संत फ्रान्सिस झेवियर : लहानग्यांना गाऊन शिकवणारा गुरू



३ डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण. त्यांचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांसमोर जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बॅसिलिका उभी राहते, चांदीच्या पेटीतील त्यांचे अवशेष आठवतात, दर्शनासाठी लागणारी लांबच लांब रांग आठवते. कोणी त्यांच्या चमत्कारांच्या कथा सांगतो, कोणी त्यांच्या प्रवासाच्या. परंतु स्वतः झेवियर यांनी भारतातून जी पत्रे पाठवली, त्यांत एक विषय वारंवार येतो आणि तो आपल्या बोलण्यात क्वचितच येतो. तो विषय म्हणजे लहान मुले आणि त्यांच्या तोंडची गाणी.

हा विषय आज मुद्दाम घेण्याचे कारण आपल्याच अंगणात आहे. चांदवड परिसरात आपली कुटुंबे थोडी आणि घरे एकमेकांपासून लांब. रविवारची मिस्सा आणि त्यानंतरचा तासाभराचा धर्मशिक्षणाचा वर्ग एवढेच मुलांच्या वाट्याला येते. कांद्याची लागवड, द्राक्षांची छाटणी, शाळेची परीक्षा, पाहुण्यांचे लग्न, असे काही निघाले की तो तासही बुडतो. मग मुलाने आपली श्रद्धा शिकायची कुठे आणि कोणाकडून? धर्मगुरू आठवड्यातून एकदा भेटणार, शिक्षक एक तास देणार. उरतात ते आईवडील आणि आजीआजोबा. पावणेपाचशे वर्षांपूर्वी झेवियर यांच्यापुढे हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा होता. गावे अनेक आणि धर्मगुरू एकटा. त्यांनी तो कसा सोडवला, हे पाहण्यासारखे आहे.

वाड्यातला मुलगा, पॅरिसचा प्राध्यापक

फ्रान्सिस यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी नव्हारा राज्यातील झेवियरच्या वाड्यात झाला. आज हा प्रदेश स्पेन देशात आहे. वडील हुआन दे हास्सो हे नव्हाराच्या राजाचे सल्लागार होते. आईचे नाव मारिया दे आस्पिल्क्वेता. फ्रान्सिस हे घरातले शेंडेफळ. ते सहा वर्षांचे असताना, १५१२ साली, कास्तीलच्या सैन्याने नव्हारा जिंकले. १५१५ साली वडील वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या वाड्याची तटबंदी पाडण्यात आली. मोठे भाऊ लढाईत गुंतलेले, घरचे वैभव ओसरलेले आणि आई एकटी. अशा घरात हे मूल वाढले.

१५२५ साली फ्रान्सिस शिक्षणासाठी पॅरिसला गेले. संत बार्बरा यांच्या नावाच्या महाविद्यालयात त्यांना राहायला खोली मिळाली. त्या खोलीत त्यांचे सोबती होते पीटर फेबर. तेही आज संत आहेत. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली त्यांचे नाव संतांच्या यादीत घातले. फ्रान्सिस उंच उडीत तरबेज होते, बुद्धीने तल्लख होते आणि मोठ्या पदाची स्वप्ने पाहात होते. १५३० साली पदवी घेऊन ते ॲरिस्टॉटलचे तत्त्वज्ञान शिकवू लागले. त्याआधीच, १५२९ साली, त्यांच्या खोलीत एक वयाने मोठा, लंगडणारा विद्यार्थी राहायला आला होता. तो म्हणजे इग्नेशियस लोयोला. इग्नेशियस यांनी घाई केली नाही. फ्रान्सिस यांच्या मनातली महत्त्वाकांक्षा ओळखून त्यांनी ती हळूहळू प्रभूकडे वळवली. १५ ऑगस्ट १५३४ रोजी पॅरिसजवळच्या मोंमार्त्र टेकडीवर सात मित्रांनी व्रत घेतले. त्यातूनच पुढे येशूसंघ जन्माला आला. २४ जून १५३७ रोजी व्हेनिस येथे फ्रान्सिस यांना गुरुदीक्षा मिळाली.

पोर्तुगालचे राजे तिसरे जॉन यांना भारतासाठी मिशनरी हवे होते. इग्नेशियस यांनी निवडलेल्यांपैकी बोबादिल्ला आजारी पडले, म्हणून ऐनवेळी फ्रान्सिस यांना निघावे लागले. १५४० च्या मार्चमध्ये त्यांनी रोम सोडले आणि ७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, ते लिस्बनहून जहाजावर चढले. ते पोपचे प्रतिनिधी होते, त्यामुळे त्यांच्या दिमतीला नोकर देऊ केला होता. तो त्यांनी नाकारला आणि आपले कपडे आपणच धुतले. वाटेत मोझांबिक येथे पुष्कळ महिने मुक्काम करावा लागला. तेरा महिन्यांच्या प्रवासानंतर ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले.

ज्याने विद्यापीठात ॲरिस्टॉटल शिकवला, त्याने चार वर्षांच्या मुलाला काय शिकवावे? तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला शब्दांचा फार मोह असतो. व्याख्या करावी, भेद दाखवावा, शंका काढावी आणि तिचे उत्तर द्यावे, अशी त्याच्या मनाला सवय लागलेली असते. मुलाच्या मनाचे चालणे वेगळे असते. मूल आधी ऐकते, मग नक्कल करते, मग घोकते आणि बऱ्याच दिवसांनी कधीतरी विचारते, याचा अर्थ काय? झेवियर यांनी मुलांच्या या क्रमापुढे आपली विद्वत्ता बाजूला ठेवली.

गोव्याच्या रस्त्यावरची घंटा

गोव्यात झेवियर राजवाड्यात न उतरता इस्पितळात राहिले. सकाळी रुग्णांची सेवा करायची, पापनिवेदन ऐकायचे, मग तुरुंगातील कैद्यांकडे जायचे. रविवारी शहराबाहेर कुष्ठरोग्यांसाठी मिस्सा करायची. याखेरीज रोज ते हातात लहानशी घंटा घेऊन रस्त्याने निघत आणि लोकांना हाक देत, आपली मुले आणि घरचे गुलाम धर्मशिक्षणाला पाठवा. मुले घंटेमागून धावत येत. इस्पितळाजवळच्या देवळात तीनशेहून अधिक मुले जमू लागली. ते पाहून गोव्याच्या बिशपांनी इतर चर्चमध्येही तसेच करण्याची आज्ञा दिली.

देवळात काय चाले? झेवियर एक ओळ म्हणत आणि मुले ती त्यांच्यामागून चालीवर म्हणत. मग दुसरी ओळ. क्रुसाची खूण, प्रभूची प्रार्थना, नमो मरिया, विश्वासांगीकार, दहा आज्ञा, सारे असेच चालीवर चाले. त्यांची स्वतःची पोर्तुगीज भाषा फार शुद्ध नव्हती आणि शुद्ध बोलण्याचा आग्रहही त्यांनी धरला नाही. गुलामांना आणि स्थानिक मुलांना कळेल अशी मोडकीतोडकी पोर्तुगीज ते मुद्दाम बोलत.

या कामासाठी त्यांनी एक छोटे धर्मशिक्षणाचे पुस्तक तयार केले होते. १५५६ साली गोव्यात भारतातला पहिला छापखाना सुरू झाला आणि १५५७ साली त्यावर हे पुस्तक छापले गेले. त्याची एकही छापील प्रत आज उरलेली नाही. पण झेवियर यांच्या हयातीत ते छापलेलेही नव्हते. मुलांच्या हातात पुस्तक नसतानाच हे शिक्षण चालले. ज्यांना अक्षर येत नाही त्यांना शिकवायचे तर चाल आणि ठेका हाच आधार होता. आपल्याकडे हे नवल नाही. आपल्या आज्यांनी शाळा पाहिली नव्हती, तरी जात्यावरच्या शेकडो ओव्या त्यांना पाठ होत्या. आईमागून लेकीने आणि सासूमागून सुनेने म्हणायचे, अशीच ती विद्या चालत आली.

मोती काढणाऱ्यांच्या वस्तीत

पावसाळा सरल्यावर १५४२ च्या शरदात झेवियर दक्षिणेकडे, आजच्या तमिळनाडूतील तुतिकोरिनच्या बाजूला गेले. तिथल्या किनाऱ्यावर समुद्रातून मोती काढणारा परवर समाज होता. काही वर्षांपूर्वी या समाजाने मोठ्या संख्येने बाप्तिस्मा घेतला होता. पण त्यांच्यात राहणारा धर्मगुरू नव्हता आणि प्रार्थना शिकवणारे कोणी नव्हते. आपण ख्रिस्ती आहोत, एवढेच ते सांगू शकत.

झेवियर यांना तमिळ येत नव्हते. दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसांना बसवून त्यांनी मुख्य प्रार्थना तमिळमध्ये करून घेतल्या आणि स्वतः पाठ केल्या. मग एका गावात मुक्काम करायचा, दिवसातून दोनदा घंटा वाजवत फिरायचे, मुलांना गोळा करायचे आणि म्हणून घ्यायचे, असा क्रम सुरू झाला. प्रत्येक सूत्रानंतर ते थांबून विचारत, यावर तुमचा विश्वास आहे का? सारे हात छातीवर घेऊन होकार देत. मग पुढे जाण्याआधी सर्व मिळून प्रभूकडे ती श्रद्धा मागत.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता येते. झेवियर मुलांना सांगत, इथे जे शिकलात ते घरी जाऊन आईवडिलांना, भावंडांना आणि शेजाऱ्यांना शिकवा. मुलाचा धडा घरी पोहोचल्याशिवाय पुरा होत नसे. १५४४ च्या जानेवारीत त्यांनी युरोपातील बांधवांना एक मोठे पत्र लिहिले. गावोगावी इतके आजारी लोक त्यांना बोलावत की एकट्याने पोहोचणे शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी प्रार्थना पाठ असलेल्या मुलांना आजाऱ्यांच्या घरी पाठवायला सुरुवात केली. मुले जात, घरच्यांना आणि शेजाऱ्यांना जमवत आणि सर्वांकडून विश्वासांगीकार म्हणवून घेत. त्याच पत्रात ते लिहितात की एखादी तरी प्रार्थना शिकवल्याशिवाय ही मुले त्यांना जेवू देत नसत, झोपू देत नसत आणि त्यांची नेमाची प्रार्थनाही करू देत नसत.

गाव सोडताना ते प्रार्थनांची लिहिलेली प्रत मागे ठेवत आणि गावातल्याच एका जाणत्या माणसावर रोज शिकवण्याची जबाबदारी टाकत. या शिक्षकांना पगार हवा होता. परवरांकडून मिळणाऱ्या वसुलीपैकी काही रक्कम पोर्तुगालच्या राणीच्या पादत्राणांच्या खर्चासाठी राखलेली असे. झेवियर यांनी राणीला पत्र लिहून ती रक्कम मुलांच्या शिक्षकांसाठी मागितली. किनाऱ्यावर गाणारी ही मुले तिला स्वर्गाकडे नेणारी खरी पादत्राणे ठरतील, असा त्यांच्या लिहिण्याचा आशय होता. मागणी मान्य झाली.

एक शब्द चुकला

सर्व काही सुरळीत झाले असे मात्र नाही. तमिळ भाषांतरात चुका राहिल्या होत्या. विश्वासांगीकाराच्या आरंभी माझा विश्वास आहे असे म्हणायचे, त्या जागी मला पाहिजे अशा अर्थाचा शब्द बसला होता. गावेच्या गावे तो शब्द चालीवर म्हणू लागली होती. ही चूक लक्षात आली तेव्हा, १५४४ साली, झेवियर यांनी आपले सहकारी मान्सिल्यास यांना पत्र पाठवून योग्य शब्द कळवला आणि यापुढे तोच शिकवा असे सांगितले. पुढे येशूसंघाचेच फादर हेन्रीक हेन्रीकिस यांनी तमिळ मन लावून शिकून घेतले आणि या प्रार्थनांमधल्या उरलेल्या चुकाही सुधारल्या.

ही घटना लहान वाटते, पण संगीताची ताकद आणि त्याचा धोका दोन्ही तिच्यात दिसतात. चालीवर बसलेला शब्द सहसा निघत नाही. बरोबर शब्द बसला तर तो आयुष्यभर सोबत करतो. चुकीचा बसला तर तोही तितकाच चिकटून राहतो आणि म्हणणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. आपल्या वर्गातही एखादे मूल प्रभूची प्रार्थना सुरात आणि धडाधड म्हणते, पण मधले दोन शब्द भलतेच असतात. पाठांतर वाईट नाही. मात्र पाठ झालेल्या ओळीजवळ बसून, बाळा, या शब्दाचा अर्थ काय रे, असे विचारणारे माणूस घरात हवे. झेवियर प्रत्येक सूत्रानंतर थांबून प्रश्न विचारत, त्याचे कारण हेच. गाण्याने शब्द तोंडात येतो. तो मनात उतरला की नाही, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

तर्नातेचे कोळी

१५४५ साली झेवियर मलाक्क्याला गेले आणि तिथून पुढे मोलुक्का बेटांवर, म्हणजे आजच्या इंडोनेशियात पोहोचले. तिथेही त्यांनी प्रार्थना मलय भाषेत करून घेतल्या. तर्नाते बेटावर १५४६ साली त्यांनी विश्वासांगीकाराचे सोपे विवरण लिहिले आणि तेही लोकांकडून म्हणवून घेतले. १५४८ च्या जानेवारीत कोचीनला परतल्यावर त्यांनी तर्नातेचे जे वर्णन लिहिले ते वाचून मन प्रसन्न होते. मुले चौकात, मुली आणि स्त्रिया घरात, मजूर शेतात आणि कोळी भर समुद्रात, पूर्वीची फालतू गाणी सोडून विश्वासांगीकार आणि प्रार्थना गात होते.

या वर्णनात देवळाचा उल्लेख नाही. गाणे देवळात शिकले गेले असेल, पण ते राहिले चौकात, घरात, शेतात आणि होडीत. झेवियर त्या बेटावर काही महिनेच होते. त्यांच्यामागे गाणे चालू राहिले ते घरच्या लोकांनी चालू ठेवले म्हणून.

त्याच वर्षी, १५४८ साली, राज्यपाल जॉन दे कास्त्रो यांना भेटण्यासाठी झेवियर आपल्या महाराष्ट्रातील वसईलाही आले होते. त्यानंतर १५ ऑगस्ट १५४९ रोजी ते जपानमधील कागोशिमा येथे उतरले. तिथल्या यामागुची शहराच्या अधिपतीला त्यांनी ज्या भेटी दिल्या, त्यांत ठोके देणारे घड्याळ होते आणि तारांचे एक वाद्यही होते. भाषा तोकडी पडते तिथे सूर पुढे जातो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक झाले होते.

जपानहून परतल्यावर त्यांना चीनमध्ये जायचे होते. चीनच्या किनाऱ्यासमोरील शांगच्वान बेटावर ते जहाजाची वाट पाहात राहिले. जहाज आले नाही. थंडी होती, ताप होता, अंगावर झोपडीचे छप्पर होते. ३ डिसेंबर १५५२ रोजी वयाच्या ४६ व्या वर्षी त्यांनी प्राण सोडला. जवळ होता अंतोनियो नावाचा एक चिनी तरुण, जो गोव्याच्या संत पॉल महाविद्यालयात शिकला होता. म्हणजे अखेरच्या घटकेलाही या गुरूच्या उशाशी गोव्यात शिकलेला एक विद्यार्थीच होता. १५५४ च्या मार्चमध्ये त्यांचा देह गोव्यात आणण्यात आला. १२ मार्च १६२२ रोजी त्यांना संतपद देण्यात आले आणि १९२७ साली संत तेरेजा यांच्यासह मिशनकार्याचे आश्रयदाते म्हणून जाहीर करण्यात आले.

जे घ्यावे आणि जे सोडावे

संतांच्या जीवनातले सगळेच आपण उचलावे असे नसते. झेवियर आपल्या काळाचे होते. नवख्रिस्ती मुलांनी मूर्ती फोडल्याचे त्यांनी कौतुकाने लिहिले आहे. १५४६ साली त्यांनी पोर्तुगालच्या राजाकडे गोव्यासाठी इन्क्विझिशनची मागणी केली. ते त्यांच्या निधनानंतर, १५६० साली, आले आणि त्याने अनेकांना दुःख दिले. पुढे १७३६ साली याच इन्क्विझिशनच्या फर्मानाने लग्नघरात गायल्या जाणाऱ्या ओव्यांवरही बंदी घातली. ज्या भूमीत गाण्याने श्रद्धा रुजली, तिथेच घरातले गाणे बंद करण्याचा हुकूम निघाला. हे आपण लपवू नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली इतर धर्मांतील सत्य आणि पावित्र्य यांचा आदर करण्याची शिकवण दिली आहे. आपण चांदवडला राहतो. आपला शेजारी नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला जातो, आपल्या मुलांना प्रसाद आणि आपुलकी दोन्ही देतो. आपल्या मुलांचे गाणे कोणाला दुखावणारे नसावे. ते आपल्या घराला प्रभूजवळ आणणारे असावे.

गोव्यातच याचे दुसरे आणि सुंदर उदाहरण आहे. १५७९ साली इंग्लंडहून येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात आले. त्यांनी इथली भाषा शिकून घेतली आणि मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचले. १६१६ साली ते रायतूर येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ लोक मोठ्याने गाऊन वाचत आणि ऐकत. परकी चाल न लादता त्यांनी लोकांच्या ओठांवरचीच ओवी निवडली. झेवियर यांनी गाण्यावर विश्वास ठेवला आणि स्टीफन्स यांनी इथल्या गाण्यावर विश्वास ठेवला.

पुढे गोव्याच्या धर्मग्रामांमध्ये चर्चला जोडलेल्या शाळा चालल्या. तिथले मास्तर मुलांना प्रार्थनेबरोबर स्वर वाचायला, गायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. या परंपरेतून निघालेले वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच एक. ते १९२७ साली जन्मले आणि २०१२ साली वारले. त्यांचे वडील चर्चमध्ये संगीत सांभाळत आणि मुलाला पहिले धडे त्यांच्याकडूनच मिळाले. पुढे प्यारेलाल त्यांचे विद्यार्थी झाले. १९७७ च्या अमर अकबर अँथनी या चित्रपटातील अँथनीला या गुरूचेच नाव मिळाले. घरात बापाने लेकाला दिलेला सूर किती लांब जातो, हे यावरून लक्षात येते.

आपल्या घरी

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा म्हटले आहे. आईवडील हे मुलांचे पहिले धर्मशिक्षक, अशी तिची शिकवण आहे. हे ऐकून पुष्कळ पालक म्हणतात, फादर, आम्हाला कुठे एवढे येते? आम्हाला गाता येत नाही, पेटी वाजवता येत नाही. झेवियर यांच्यापाशीही पेटी नव्हती. ते संगीताचे पंडित नव्हते आणि त्यांना तमिळही येत नव्हते. त्यांच्यापाशी एक घंटा होती, ठरलेली वेळ होती आणि तीच ओळ पुन्हा म्हणण्याचा धीर होता.

आपण एवढेच करून पाहू या. संध्याकाळी दिवेलागणीला किंवा जेवणाआधी दहा मिनिटे ठरवावी आणि ती रोज पाळावी. एका आठवड्यात एकच प्रार्थना किंवा गायनपुस्तकातील एकाच गीताचे एकच कडवे घ्यावे. आईने किंवा वडिलांनी आधी पूर्ण म्हणून दाखवावे. मुलाला दोनतीनदा नुसते ऐकू द्यावे, लगेच म्हणायचा आग्रह धरू नये. मग एक ओळ आपण, तीच ओळ मुलाने. आवाज फार खाली लावू नये, कारण लहान मुलाला मोठ्यांचा खर्ज गाठता येत नाही. ठेका हाताच्या टाळीने धरावा. सूर चुकला तर मध्येच अडवू नये, पुढच्या वेळी आपणच नीट म्हणून दाखवावे. गाऊन झाले की एका शब्दाचा अर्थ विचारावा, एकच. मुलाने भलताच सांगितला तर हसू नये, आपल्या भाषेत समजावून सांगावा.

दोनतीन वर्षांचे मूल शब्द म्हणणार नाही, पण टाळी देईल आणि शेवटचा शब्द पकडेल. तेवढे पुरे. सहासात वर्षांच्या मुलावर लहान भावंडाला शिकवण्याची जबाबदारी टाकावी. आपल्याला कोणीतरी गुरू केले, या आनंदात ते स्वतः पक्के शिकते. आजी अंथरुणाला खिळली असेल तर मुलांनी तिच्या उशाशी बसून गावे, जसे त्या किनाऱ्यावरील मुलांनी केले. आजीला जुनी गीते येत असतील तर ती मुलांनी तिच्याकडून शिकून घ्यावी. त्यांतली काही आता तिच्याखेरीज कोणालाच येत नसतील.

मोबाइलवर हजारो भक्तिगीते मिळतात, ती जरूर ऐकावी. परंतु मोबाइल मुलाला थांबून विचारत नाही की तुझा विश्वास आहे का. तो प्रश्न आईच विचारू शकते आणि मुलगा आईच्याच डोळ्यांत पाहून उत्तर देतो. मोठेपणी तो नोकरीसाठी नाशिकला, पुण्याला किंवा त्याही पलीकडे जाईल. जिथे चर्च जवळ नाही आणि ओळखीचे कोणी नाही, अशा एखाद्या कठीण रात्री त्याला आपले प्रवचन आठवेल याची मला खात्री नाही. आईच्या आवाजातली प्रार्थना मात्र त्याला नक्की आठवेल.

येत्या रविवारी मिस्सेनंतरच्या वर्गात आपण लहान मुलांकडून प्रभूची प्रार्थना चालीवर म्हणून घेणार आहोत. पालकांनीही थांबावे, तीच चाल शिकून घ्यावी आणि घरी न्यावी. आगमनकाळाच्या या दिवसांत प्रत्येक घरातून रोज एक तरी प्रार्थना मुलांच्या आवाजात ऐकू यावी, एवढीच विनंती.

संत फ्रान्सिस झेवियर, आमच्या मुलांसाठी आणि त्यांना शिकवणाऱ्या आईवडिलांसाठी प्रभूपाशी विनवणी करा.

आपला धर्मगुरू